लेपर्ड गेकोच्या पिल्लाची कात अडकली तर

लेपर्ड गेको ही घरी पेटीत पाळली जाणारी पाल. काल तिचं पिल्लू पांढुरकं पडलं होतं. आज सकाळी अंग स्वच्छ झालंय, पट्टे उठून दिसताहेत, डोकं मोकळं आहे. फक्त मागच्या डाव्या पायाच्या दोन बोटांवर पांढरी टोपी तशीच राहिली आहे. कात अडकण्याची सुरुवात बहुधा अशीच असते, सहज नजरेआड होणारी. काही दिवसांत ती टोपी सुकून आकसते आणि बोटाच्या बुडाशी दोरा आवळावा तशी बसते. बोट सुजतं, पुढे काळं पडतं आणि शेवटी गळून जातं. पिल्लाचं बोट सुतळीपेक्षा बारीक असतं आणि त्याला कातही लवकर लवकर येते, त्यामुळे जुन्या थराखाली नवा थर साचायला वेळ लागत नाही. मोठ्या गेकोच्या बाबतीत चार दिवस थांबलेलं एखाद वेळी चालून जातं, पिल्लाच्या बाबतीत थांबू नका.

खालची सगळी मापं लेपर्ड गेकोच्या, म्हणजे युब्लेफारिस मॅक्युलॅरियसच्या, साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लासाठी आहेत. ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली पाल. दिवसभर ती दगडाच्या फटीत किंवा बिळात पडून असते. बाहेर कितीही रखरखाट असला तरी बिळाच्या तळाशी ओल टिकून असते आणि कातही तिथेच पडते. ‘वाळवंटातला प्राणी’ म्हणून पेटी खडखडीत कोरडी ठेवणारे ही बिळातली ओल विसरतात. अडकलेल्या कातीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. (याच कुळातली युब्लेफारिस फस्कस आपल्या महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्या रानात आहे. ती दिसली तर बघून आनंद घ्यावा, उचलून घरी आणू नये.)

कात नीट पडते तेव्हा

जुन्या कातडीखाली नवी कातडी आधी पूर्ण तयार होते. मग दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव उतरतो आणि जुना थर सुटा होतो. त्या वेळी पिल्लाचा रंग उडाल्यासारखा दिसतो, अंग धुरकट आणि मग कागदासारखं पांढरं होतं. आधी ते तोंड दगडावर घासतं, ओठांपाशी कात फाटते, आणि पुढचं काम ते स्वतःच करतं: तोंडात धरून ओढायचं, पायमोजा उलटा काढावा तशी एकेक पायाची कात उतरवायची आणि खाऊन टाकायची. पेटीत कात सापडली नाही म्हणून घाबरू नका, ती त्याच्या पोटात गेलेली असते.

प्रत्यक्ष कात ओढण्याचं काम कधी दहा मिनिटांत संपतं, कधी त्याला दोन-तीन तास लागतात. अंग पांढरं पडल्यापासून सगळं आटोपेपर्यंत एक-दोन दिवस धरा. या काळात पिल्लू खात नाही, लपून बसतं, हात लावला तर चिडतं. हे सगळं ठीक आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिली कात पहिल्या आठवड्यातच पडते, आणि ती पडेपर्यंत पिल्लू बहुधा खात नाही, पोटातल्या बलकावर भागवतं. वाढत्या पिल्लाला साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी कात येते, मोठ्याला महिन्या-दोन महिन्यांनी.

पेटीतली हवा फार कोरडी असेल किंवा पिल्लाच्या शरीरातच पाणी कमी असेल, तर मधला द्रव वेळेआधी सुकतो आणि जुनी कात नव्या कातडीला चिकटून बसते. द्रव परत भरता येत नाही, पण बाहेरून ओल देऊन चिकटलेला थर मऊ करता येतो. पुढचे सगळे उपाय याच एका गोष्टीसाठी आहेत.

पिल्लू पांढरं असताना, म्हणजे कात अजून सुटायची असताना, हात घालू नका. अर्धवट सुटलेली कात बाहेरून ओढली तर खालची कोवळी कातडी सोलून निघते, आणि तिथे व्रण राहिला तर त्या जागी कात परत परत अडकते.

वीस बोटं मोजा

अंगाचा रंग उजळून २४ तास झाले की तपासणी करा. पिल्लाला हातात उलटंपालटं करत बसायची गरज नाही. त्याला स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, डबा वर उचला आणि मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात खालून आणि बाजूने फोटो काढा. फोटो मोठा करून बघितला की नुसत्या डोळ्यांना न दिसणारं दिसतं.

प्रत्येक पायाला पाच अशी एकूण वीस बोटं. मोकळ्या बोटाचं टोक गुलाबीसर असतं आणि बारीक, टोकदार नखी स्पष्ट दिसते. नखी दिसत नसेल आणि टोक बोथट, पांढरट किंवा फुगीर दिसत असेल, तर टोपी राहिली आहे. कधी टोपी निघून गेलेली असते, पण बोटाच्या मध्यावर किंवा बुडाशी बारीक कडं उरतं. हे कडं टोपीपेक्षा घातक, कारण रक्तपुरवठा तिथेच आवळला जातो. कात कालची असेल तर ती पांढरी आणि कागदी दिसते. पिवळट-तपकिरी आणि टणक दिसली तर ती आधीच्या एखाद्या वेळची असून तिच्याखाली दुसरा थर साचलेला असतो. ती एका बैठकीत निघणार नाही, हे आधीच धरून चाला.

बोटांनंतर शेपटीचं टोक, पापण्यांच्या कडा, कानाची भोकं, ओठांचे कोपरे आणि शेपटीच्या बुडाशी असलेली मलमार्गाची आडवी फट, हे सगळं बघा. पाठीवर किंवा मानेवर एखादा सैल पापुद्रा लोंबत असेल तर तो निरुपद्रवी, बहुधा स्वतःहून पडतो. काळजी बोटांची, शेपटीच्या टोकाची आणि डोळ्यांची.

ओल्या डब्याची वाफ

लागणारं सामान साधं आहे: झाकणाचा प्लास्टिकचा डबा, साधारण १५ बाय १० सेंटिमीटरचा, झाकणाला सहा-आठ बारीक भोकं पाडलेला, रंग किंवा सुगंध नसलेला टिश्यू पेपर किंवा किचन टॉवेल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, पाण्यात बुडवता येणारा डिजिटल थर्मामीटर.

पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, ३२ च्या वर नको. इथे हाताच्या अंदाजावर जाऊ नका. मनगटाला ‘कोमट’ लागणारं पाणी ३६-३७ अंशांचं असतं आणि ते एवढ्याशा जिवाला जास्त होतं. ३० अंशांचं पाणी आपल्या हाताला किंचित गारच लागतं, म्हणून थर्मामीटरच वापरा.

किचन टॉवेलच्या चार-पाच घड्या करून डब्याच्या तळाशी घाला आणि त्यावर पाणी ओता, इतकं की कागद पूर्ण भिजेल, दाबला तर पाणी वर येईल, पण डब्यात साचणार नाही. पिल्लाला डुबवायचं नसतं. पाणी साचवायचंच असेल तर ३-४ मिलिमीटर, म्हणजे फक्त पंजे आणि पोट ओलं होईल इतकंच. हनुवटी पाण्याला टेकता कामा नये. ओल्या कागदाचा एक तुकडा सुटा ठेवा, पिल्लू त्याखाली शिरतं आणि चालताना कागदाला बोटं आपोआप घासली जातात.

झाकण लावून डबा २० मिनिटं ठेवा. या वेळात पाणी गार होऊ नये म्हणून डबा पिल्लाच्याच पेटीत, उबदार बाजूला ठेवणं सगळ्यांत सोपं. उन्हात, दिव्याखाली किंवा थेट हीट मॅटवर (पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईवर) ठेवू नका. बंद डबा पाच मिनिटांत तापतो. वर एखादं कापड टाकलं की अंधार होतो आणि पिल्लू शांत राहतं. त्याला तिथे एकटं सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

वीस मिनिटांनंतर पिल्लाला तळहातावर घ्या. शेपटीला धरू नका आणि वरून चिमटीत पकडू नका. घाबरलेलं पिल्लू शेपटी टाकून देतं. ती परत येते, पण आखूड, जाड आणि वेगळ्या नक्षीची, आणि त्यात साठवलेली चरबी वाया जाते. एक हात पोटाखाली, दुसऱ्या हातात ३० अंशांच्या पाण्यात भिजवलेली कापसाची काडी. काडीचा कापूस बोटाच्या बुडाशी टेकवा आणि टोकाकडे लोळवा, घासू नका. पंजाकडून नखीकडे, नेहमी याच दिशेने. तीन-चार वेळा लोळवल्यावर टोपीची कड सुटते आणि मग ती अख्खी निघून कापसाला चिकटते. बाहेर आलेली टोपी काळ्या कागदावर ठेवून बघितली तर बोटाचा पोकळ साचा दिसतो, नखीच्या खोबणीसकट. असा पूर्ण साचा मिळाला म्हणजे आत काही उरलं नाही याची खात्री.

एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त हाताळू नका. दोन बोटं मोकळी झाली आणि तिसरं अडून बसलं, तर ते संध्याकाळसाठी ठेवा. दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, आणि असं दोन-तीन दिवस. त्यापलीकडे नेटाने करत राहिलात तर पिल्लाला ताण येतो, ते खाणं सोडतं आणि बोटाची कातडी पाण्याने फुगते. काम झालं की कोरड्या टिश्यूने अंग हलकेच टिपा आणि उबदार बाजूला सोडा. ओल्या अंगाने गार बाजूला सोडू नका.

नख, चिमटा, ब्लेड, टूथब्रश यांपैकी काहीही वापरू नका. आपल्याकडे हात पटकन खोबरेल तेलाकडे जातो, तेही टाळा. तेलाने कात वरून चकचकीत दिसते, पण चिकटलेला थर सुटत नाही. अंगावर भुसा-धूळ बसते आणि पिल्लू ते चाटतं. साबण, घरातली जंतुनाशकं, हळद यांचंही तसंच. बाजारात कात सुटण्यासाठी फवारे मिळतात. त्यांवर खर्च करण्याआधी पेटीत ओलीची सोय करा.

ओढाताणीत कातडी खरचटून रक्ताचा ठिपका दिसला तर स्वच्छ टिश्यूने मिनिटभर दाबून धरा. मग मेडिकलमधलं १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन एक भाग आणि पाणी दहा भाग असं पातळ करा, रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसायला हवा. ते कापसाने टिपा. डोळ्यांच्या आसपास लावू नका. जखम भरेपर्यंत पेटीत भुसा किंवा माती न ठेवता फक्त टिश्यू पेपर अंथरा.

डोळ्यांपाशी थांबा

लेपर्ड गेकोला हलणाऱ्या पापण्या असतात. सापाच्या किंवा क्रेस्टेड गेकोच्या डोळ्यावर असतं तसं पारदर्शक झाकण त्याला नसतं. म्हणून पापणीच्या कडेला, कधी पापणीच्या आतही, कातीचा तुकडा राहून जातो. पिल्लू एक डोळा मिटून बसतं, जीभ डोळ्यावरून सारखी फिरवतं, आणि भक्ष्यावर झेप चुकते. पिल्लू खात नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत कधी कधी ते भुकेलेलंच असतं, फक्त त्याला किडा दिसत नसतो.

घरी एवढंच करा: ओल्या डब्यात १५ ते २० मिनिटं ठेवा आणि नंतर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ०.९ टक्के नॉर्मल सलाइनचा एक थेंब डोळ्याच्या कोपऱ्यात सोडा. उघडझाप करताना तुकडा कडेला सरकून आला आणि तो पूर्ण सुटा दिसला, तरच ओल्या कापसाने टिपून घ्या. पापणी ताणून आत बघायला जाऊ नका. माणसांचे डोळ्याचे थेंब घालू नका, विशेषतः स्टेरॉइड असलेले. बुबुळावर ओरखडा असेल तर त्यांनी तो चिघळतो. डोळा एका दिवसात उघडला नाही, सुजला किंवा पांढरा-पिवळा चिकट स्राव दिसला, तर डॉक्टरांकडे.

ओलं बीळ

पाळणारे याला मॉइस्ट हाइड म्हणतात. पेटीतल्या उबदार आणि गार अशा दोन लपायच्या जागांखेरीज ही तिसरी, आणि ती वर्षभर हवी. कात येताना ठेवायची आणि मग काढून घ्यायची असं करू नका, कारण पिल्लाला कात येणार हे आपल्याला समजतं त्याच्या आधी त्याला स्वतःला समजलेलं असतं.

दही किंवा आइस्क्रीमचा झाकणाचा, अपारदर्शक डबा घ्या. पिल्लासाठी १५ बाय १० बाय ८ सेंटिमीटर पुरे, फार मोठ्या डब्यात ओल टिकत नाही. एका बाजूला ३ सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडा. भोकाची खालची कड तळापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे आतलं ओलं सामान बाहेर सांडत नाही. भोकाच्या कडा सँडपेपरने घासून बोट फिरवून बघा. पिल्लाचं पोट रोज त्या कडेवरून जाणार आहे, आपल्या बोटाला जे टोचतं ते त्याला कापतं.

आत काय भरायचं? महिना-दोन महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला साधा ओला टिश्यू पेपर, चुरगळून भरलेला. किडा पकडताना भुसा गिळला जाण्याचा धोका त्यात नाही. त्यानंतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), अडीच-तीन सेंटिमीटरचा थर. कोकोपीट कोणत्याही नर्सरीत मिळतं, पण खत न मिसळलेलंच मागा आणि वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, कारण न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. भिजवून मुठीत घट्ट पिळा. एक-दोन थेंब गळले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर जास्त आहे, आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर कमी.

डबा ठेवायचा कुठे, यावर बरंच अवलंबून आहे. पूर्ण उबदार टोकावर ठेवला तर दिवसभरात वाळतो. गार टोकावर ठेवला तर आत गारठा आणि ओल एकत्र येतात, पिल्लू तिथे फिरकत नाही आणि फिरकलंच तर छातीचा त्रास होण्याची भीती. म्हणून मध्यभागी, अर्धा भाग उबेवर आणि अर्धा बाहेर असा ठेवा. आतलं तापमान २८ ते ३० अंश आणि आर्द्रता ७० ते ८० टक्के राहायला हवी. बाकीच्या पेटीत ३० ते ४० टक्के पुरते.

सगळी पेटीच फवारून ओली करू नका. तळाची चादर ओली राहिली की पोटाच्या आणि पंजांच्या कातडीवर फोड येतात, बुरशी धरते. ओल फक्त बिळात असावी. रोज एकदा झाकण उघडून बघा, लागेल तसं ५ ते १० मिलिलिटर पाणी फवारा. टिश्यू दोन-तीन दिवसांनी बदला, कोकोपीट किंवा मॉस दोन आठवड्यांनी. विष्ठा दिसली किंवा कुबट वास आला तर त्याच दिवशी सगळं फेकून डबा धुवा. आत लपलेला रातकिडा शोधून काढा, तो झोपलेल्या पिल्लाची बोटं कुरतडतो.

मोजायचं कशाने

आर्द्रता मोजणारे काट्याचे गोल हायग्रोमीटर भरवशाचे नसतात. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या आणि सेन्सर ओल्या बिळात नेऊन ठेवा. पेटीच्या काचेवर चिकटवलेला आकडा बिळातलं काहीच सांगत नाही.

तो खरा आहे का, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी साचता कामा नये. हे झाकण आणि सेन्सर एका झिपच्या पिशवीत बंद करून १२ तास ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तुमचं यंत्र ६८ दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ७ मिळवायचे.

तापमानाचंही असंच काटेकोर ठेवा. उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश, गार बाजू २४ ते २६, रात्री २० च्या खाली नको. हीट मॅट असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक राखणारं यंत्र, लावल्याशिवाय चालू करू नका. भाजलेल्या पोटावर व्रण पडतो आणि त्या व्रणावर कात जन्मभर अडकते. उलट पेटी गार राहिली तर कात तयार व्हायलाच वेळ लागतो आणि अन्नही पचत नाही.

आता आपापल्या गावाचं हवामान बघा. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा कमालीची कोरडी होते, बिळात दिवसातून दोनदा पाणी लागतं. खोलीत वाळ्याचा कूलर चालत असेल तर ओलीचा प्रश्न सुटतो, पण पेटीची गार बाजू ३० च्या आत राहते ना, ते बघावं लागतं. पुण्या-नाशकाला डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि कोरडेपणा जोडीने येतात, शिवाय हीट मॅट रात्रभर चालून बीळ वाळवते. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवेतच ८० टक्क्यांच्या वर ओल असते. तिथे बिळात अगदी किंचित ओल ठेवा, हवा खेळती ठेवा आणि बुरशीवर डोळा ठेवा. एसीच्या खोलीत मात्र मुंबईतही कात अडकते. परदेशात थंडीत घरभर हीटिंग सुरू असतं, तिथे खोलीतली आर्द्रता सहज २०-३० टक्क्यांवर येते. अशा घरांतल्या पिल्लांना ओल्या बिळाशिवाय गत्यंतर नाही.

कात घासून सुरू करायला खरबरीत काहीतरी हवं: विटेचा तुकडा, चपटा दगड किंवा झाडाची साल. दगड थेट पेटीच्या तळावर टेकवा, मातीवर नको. पिल्लू खालून उकरतं आणि दगड अंगावर बसतो. पाण्याची वाटी एक सेंटिमीटर खोल, रोज ताजं पाणी.

ओल आहे, तरी अडकते

वरचं सगळं बरोबर असूनही लागोपाठ दोन काती अडकल्या तर कारण पेटीत नाही, पिल्लात आहे. पहिला संशय आहारावर. पिल्लाला रोज खायला हवं, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसलेला किडा, असे साधारण पाच ते सात. नुसते मीलवर्म (बाजारात मिळणाऱ्या भुंग्याच्या अळ्या) घालत राहिलात तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्व अ दोन्ही कमी पडतात. जीवनसत्त्व अ कमी पडलं की कातडी आणि डोळ्यांचं अस्तर दोन्ही बिघडतात, म्हणून बोटांची आणि डोळ्यांची तक्रार एकत्र आली तर याचा विचार आधी करा. किडे खायला घालण्याआधी २४ तास त्यांना गाजर, रताळं, पालेभाजी द्या. जीवनसत्त्व डी-३ असलेली कॅल्शियम पूड किड्यांवर भुरभुरा, आणि आठवड्यातून एकदा सरीसृपांसाठीचं मल्टिव्हिटॅमिन, ज्यात जीवनसत्त्व अ आहे असं. मनाने जास्त देऊ नका. जीवनसत्त्व अ अति झालं तरी कातडीच सोलवटते. अंगणातले किडे पकडून घालू नका, त्यांच्यावर औषध फवारलेलं असू शकतं.

दुसरा संशय शरीरातल्या पाण्यावर: डोळे आत गेलेले, बाजूची कातडी सुरकुतलेली, विष्ठेबरोबरचा पांढरा भाग पिवळा आणि खड्यासारखा कडक. तिसरा जंतांवर आणि परोपजीवींवर. शेपटी काडीसारखी बारीक होत चालली असेल, विष्ठा पातळ आणि दुर्गंधीची असेल, तर ते पिल्लू बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा, त्याची भांडीही वेगळी ठेवा आणि विष्ठा तपासून घ्या. पापण्यांच्या किंवा काखेच्या घडीत हलणारे बारीक लाल-काळे ठिपके दिसले तर ते पिसवांसारखे किडे, माइट्स.

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या आणि आठवड्याला एकदा वजन लिहा. वाढत्या पिल्लाचं वजन दोन आठवडे जागचं हललं नाही तरी लक्ष द्या, आणि एक दशांश घटलं तर थांबू नका.

डॉक्टरांकडे कधी

बोट सुजलंय, लालभडक किंवा निळं-काळं झालंय, बोटाच्या बुडाशी खाच दिसतेय: त्याच दिवशी. शेपटीच्या टोकाचंही तसंच. डोळा मिटलेला राहिला, तीन दिवस ओल देऊनही कडं सुटलं नाही, मलमार्गाभोवती कात घट्ट बसलीय, पिल्लाने चार-पाच दिवस खाल्लेलं नाही, यांतलं काहीही असेल तरी. सगळेच पशुवैद्य सरपटणारे प्राणी बघत नाहीत, तेव्हा ‘पाल बघता का, एक्झॉटिक्स करता का’ हे आधी फोनवर विचारून घ्या, आणि पिल्लू धडधाकट असतानाच विचारून ठेवा. जाताना भोकांच्या डब्यात टिश्यू अंथरून पिल्लू न्या, ताजी विष्ठा छोट्या डबीत, आणि पेटीचे, बोटांचे फोटो, वजनाची नोंद, शेवटच्या दोन-तीन कातींच्या तारखा.

हाताळणीनंतर दर वेळी साबणाने हात धुवा. धडधाकट सरीसृपांच्याही विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. ओला डबा, वाट्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू देऊ नका.

बोट वाचलं नाही आणि टोक कोरडं, काळं होऊन राहिलं, तर ते कापायला जाऊ नका. डॉक्टरांनी संसर्ग नाही असं सांगितलं असेल तर ते स्वतःहून गळतं. लेपर्ड गेको काचेवर चढणारी पाल नाही, तिच्या बोटांना चिकटणारी गादी नसते, त्यामुळे एक-दोन टोकं गेली तरी ती चालते, शिकार करते. मात्र त्या बुंध्याला नखी नसते आणि कात तिथून सुटायला धरायला काही नसतं. पुढची कात पडली की तपासणी त्या बोटापासून सुरू करा, आणि अंग पांढरं पडायला लागल्याचं दिसताच ओल्या बिळात एक फवारा जास्त मारा.